भरतीच्या टोकाचा रस्ता

माझी आजी संगमेश्वर तालुक्यातली, फुणगूसच्या खाडीकाठची. तिला मुंबईला जायचे असले की ती आधी पश्चिमेला जायची. होडीने खाडी उतरून जयगड गाठायचे, तिथे आगबोटीची वाट बघायची, पडावातून बोटीवर चढायचे आणि मग रात्र काढून भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. मुंबई उत्तरेला आहे हे तिला ठाऊक होतेच. पण तिच्या बोलण्यात मुंबई ‘खाली’ होती, बंदराच्या वाटेवर. आणि कऱ्हाड-कोल्हापूर ‘वर’, घाटाच्या वाटेवर. घरासमोरून निघून थेट उत्तरेला जाणारी वाट तिच्या लहानपणी तिच्या मनात नव्हतीच. मी मात्र एसटीच्या खिडकीत बसून, महाड गेले की मुंबई जवळ आली असे मोजत वाढलो. तिच्या आणि माझ्यामध्ये दोनच पिढ्या आहेत. तेवढ्यात आमच्या घराची दिशा काटकोनात फिरली.

मुंबई–गोवा महामार्गाचा अभ्यास कशासाठी करायचा, असे मला नव्याने येणारे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना आधी हीच गोष्ट सांगतो. रस्ता म्हणजे दोन गावांमधली डांबराची पट्टी, असे धरून चालले तर अभ्यास लांबी, रुंदी आणि खर्च यांवर येऊन थांबतो. रस्त्यामुळे प्रदेशाने तोंड कुठल्या बाजूला वळवले, हे विचारले की त्याच रस्त्यावर इतिहास, भूगोल, भूशास्त्र, बोलीभाषा, व्यापार आणि घराघरांतल्या आठवणी एकत्र भेटू लागतात. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या वाचकाला हात धरून पहिले काही कोस सोबत करावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना आहे. वाचकाला कोकणाची माहिती असायलाच हवी असे नाही. एखाद्या नदीच्या पुलावरून जाताना खाली वाकून पाहायची सवय असली तरी पुष्कळ झाले.

आधी वाट सांगतो. पनवेल सोडले की कर्नाळ्याचा सुळका आणि त्याखालचे पक्षी अभयारण्य. मग पेण, वडखळ नाका, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, लोणेरे, दासगाव, महाड, पोलादपूर. कशेडी घाट ओलांडला की रत्नागिरी जिल्हा लागतो. खेड, भोस्ते घाट, परशुराम घाट आणि त्याच्या पायथ्याला चिपळूण. पुढे सावर्डे, आरवली, संगमेश्वर, बावनदी, हातखंबा तिठा, पाली, लांजा, राजापूर. खारेपाटणला सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. तळेरे, कणकवली, कसाल, कुडाळ, झाराप, बांदा आणि गोव्याच्या सीमेवरचे पत्रादेवी. पनवेलपासून इथपर्यंत सुमारे साडेचारशे किलोमीटर. वर्षानुवर्षे याला ‘सतरा नंबर’ म्हणत. २०१० साली देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा तो ६६ झाला. पत्रादेवीला तो संपत नाही. गोवा, कारवार, उडुपी, मंगळूर करत केरळातून थेट कन्याकुमारीला पोचतो. एकूण लांबी सोळाशे किलोमीटरांच्या घरात जाते.

आता ही गावांची यादी बाजूला ठेवून नद्यांची यादी करून पाहा. नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वराला शास्त्री, पुढे बावनदी, काजळी, मुचकुंदी, राजापूरला अर्जुना, खारेपाटणला वाघोटन नदी, कणकवलीला गड, बांद्याला तेरेखोल. सगळ्या सह्याद्रीत उगवतात आणि पश्चिमेला समुद्राकडे धावतात. डोंगर आणि समुद्र यांत अंतर थोडे, त्यामुळे धाव आखूड आणि वेग भरपूर. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला जाणाऱ्याला दर वीस-पंचवीस किलोमीटरांवर एक तरी पाणी आडवे येणार. जुन्या काळी कोकणातून लांब पल्ल्याने उभे चालत जाणे का अवघड होते, ते एवढ्यावरूनच कळते. उभा प्रवास समुद्राने करायचा आणि आडवा प्रवास खाडीने व घाटाने, ही त्या भूगोलातून आपोआप निघालेली व्यवस्था होती.

ही व्यवस्था फार जुनी आहे. प्रत्येक मोठ्या नदीवर तीन गाठी बसलेल्या दिसतात: मुखाशी किल्ला किंवा बंदर, खाडीच्या टोकाला बाजारपेठ आणि सह्याद्रीच्या धारेवर घाट. बाणकोट, महाड आणि वरंध घाट. दाभोळ, चिपळूण आणि कुंभार्ली घाट. जयगड, संगमेश्वर आणि आंबा घाट. जैतापूर, राजापूर आणि अणस्कुरा घाट. विजयदुर्ग, खारेपाटण आणि वर भुईबावड्याकडे, फोंड्याकडे जाणाऱ्या वाटा. भरतीच्या पाण्यावर स्वार होऊन गलबते, मचवे आत येत. पाणी जिथे संपे तिथे माल उतरे. तिथून बैलांच्या पाठीवर तो घाट चढे. घाटावरून धान्य, गूळ, मिरची खाली येई आणि खालून मीठ, सुकी मासळी, नारळ, परदेशी माल वर जाई. जिथे नाव थांबते आणि बैल सुरू होतो, तिथे वखार लागते, हमाल लागतो, सावकार लागतो, जकातीचा नाका लागतो. म्हणून तिथे गाव मोठे होते. इंग्रजांनी १६४९ मध्ये राजापूरला वखार घातली. समुद्रापासून इतक्या आत, खाडीच्या टोकाला त्यांनी का यावे, असा प्रश्न वरवर पाहणाऱ्याला पडतो. घाटावरचा माल त्यांना तिथे पहिल्या हातून मिळत होता, हे त्याचे उत्तर.

आता दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवा. महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण, बांदा ही सगळी जुनी बंदरे. नागोठणे तसेच, आणि पेणच्या शेजारचे अंतोरे बंदरही त्याच जातीचे. महामार्ग नेमका यांनाच ओवत गेला आहे. मला या अभ्यासात सर्वात जास्त मोह पाडणारी गोष्ट हीच. भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते त्या टोकांना जोडणारी एक रेघ कोकणाच्या नकाशावर काढली, तर उत्तर आणि मध्य कोकणात ती रेघ म्हणजे जवळजवळ हा महामार्गच. याला कारण आहे. त्या रेघेच्या खाली, समुद्राच्या बाजूला खाडी रुंद होते, तळाशी खोल गाळ, वर ये-जा करणारी गलबते. तिथे पूल बांधणे जुन्या काळच्या हाताबाहेरचे. रेघेच्या वर सह्याद्रीच्या सोंडा उतरतात, पऱ्हे आणि दऱ्या सुरू होतात. तिथे पूल आखूड पण रस्ता अशक्य. मधल्या त्या अरुंद पट्ट्यातच दगडी कमानींचा पूल परवडतो. शिवाय तिथे बाजारपेठ आधीच उभी असते आणि घाटाची वाटही तिथेच उतरलेली असते. आखणी करणाऱ्या अभियंत्याने नवी रेघ शोधली असे वाटते, पण ती रेघ भरतीने आणि बैलांनी त्याच्या शेकडो वर्षे आधी आखून ठेवली होती.

नागोठण्याला थोडे थांबू. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्याला हे गाव म्हणजे एक फाटा. आत शिरून अंबा नदीच्या काठी गेले की एक जुना दगडी पूल दिसतो: बुटक्या कमानी आणि दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावे लागेल इतकी अरुंद वाट. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरने हा पूल निजामशाहीच्या काळातला, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातला म्हणून नोंदवला आहे. पुलाच्या कडेला बसून ओहोटीच्या वेळी दगड पाहावेत. खांबांच्या खालच्या थरांवर पाण्याने ओढलेली काळपट-हिरवी रेघ असते. भरती कुठवर चढते ते ती सांगते. वरच्या थरांवर तो रंग नाही. एकाच खांबावर खाडीही आहे आणि नदीही आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून धरमतरच्या खाडीने आगबोटी इथवर येत, आणि महाबळेश्वरला हवापालटासाठी निघालेली मंडळी इथे उतरून पुढचा प्रवास जमिनीवरून करत. इथल्या एका पुलाशी निजामशाही, आगबोट आणि आजचा चौपदरी रस्ता असे तीन काळ शेजारी शेजारी उभे आहेत. अशी जागा भारतभर हिंडूनही सहज मिळत नाही, आणि पाटी नसल्याने बहुतेक जण तिच्या बाजूने निघून जातात.

महाडला आणखी मागे जाता येते. शहराच्या अलीकडे, महामार्गाला लागूनच्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे तीस. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतली. पायऱ्या चढून वर गेले आणि लेण्याच्या ओसरीत पाठमोरे उभे राहिले की सावित्री आणि गांधारी यांचे खोरे पायाशी पसरते. नदीवरचा पूल, ट्रकांची रांग आणि शेताडी एका नजरेत येतात. लेणी खोदवून घ्यायला दान लागते, दान द्यायला व्यापारी लागतात आणि व्यापाऱ्यांना वाट लागते. म्हणजे लेण्यांची जागा हीच वाटेची साक्ष. याच महाडात १९२७ च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणी सर्वांचे, हा त्या सत्याग्रहाचा दावा होता. रस्त्याच्या अभ्यासकाने तो बाजूला ठेवून चालणार नाही, कारण सार्वजनिक वाट सर्वांची आहे का, कोण तिच्यावरून चालू शकत होते आणि कोणाला बाजूला व्हावे लागे, हे प्रश्न त्याच मुळाशी जातात. दगड, डांबर आणि आखणी यांच्या इतिहासात हा धागा फार उशिरा आला. तो आता सुटू देऊ नये.

खारेपाटणचा पुरावा तांब्यावरचा आहे. शके ९३० मधले, म्हणजे इसवी सन १००८ च्या सुमाराचे, शिलाहार राजा रट्टराज याचे दानपत्र इथे सापडले. दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ त्याच्यामुळे जुळली, म्हणून इतिहासकार त्याला मान देतात. मला त्यातला दुसरा तपशील जास्त बोलका वाटतो: परदेशांतून येणाऱ्या जहाजांवर आकारायच्या सोन्याच्या कराचा त्यात उल्लेख आहे. आज खारेपाटणच्या पुलावरून जाताना खाली गाळाने भरलेली, शांत खाडी दिसते. हजार वर्षांपूर्वी याच पट्ट्यातल्या खाड्यांमधून समुद्रापारच्या जहाजांचा हिशोब ठेवला जात होता.

इतके सांगितल्यावर एक सावधगिरी. भरतीच्या टोकाची रेघ मला प्रिय आहे, पण ती सगळीकडे लागू पडत नाही. हातखंब्यापासून पुढे पाली, लांजा ही गावे खाडीवरची नव्हेत. तिथे रस्ता जांभ्याच्या सड्यावरून धावतो. वर उघडे माळरान, पावसाळ्यात रानफुलांचा गालिचा आणि उन्हाळ्यात तापलेला तांबडा कातळ. कणकवली-कुडाळकडे महामार्ग समुद्रापासून आणि जुन्या बंदरांपासून बराच आत राहतो. मालवण, वेंगुर्ले बाजूला पडतात. तिथल्या आखणीची कारणे वेगळी शोधायला हवीत. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावून पाहण्याचा मोह नव्या अभ्यासकाला होतो, मलाही झाला होता. संगमेश्वरापर्यंत किल्ली सहज फिरली, पुढे जागोजागी अडली.

आणखी एक रेघ आहे आणि ती जमिनीच्या पोटातली. महाडजवळ साव, मग आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरजवळ उन्हाळे: या सगळ्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या जागा. पालघरच्या कोकणेरपासून राजापूरपर्यंत असे झरे सह्याद्रीला समांतर पसरले आहेत. जमिनीतल्या खोल भेगांतून मुरलेले पाणी तापून वर येते, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. आरवली आणि तुरळ तर महामार्गाच्या कडेलाच आहेत. गंधकाच्या वासाची ती कुंडे पाहून प्रवासी पाय शेकून घेतात आणि पुढे जातात. झऱ्यांची रेघ आणि रस्त्याची रेघ इतकी जवळून का जाते? दोन्ही सह्याद्रीच्या पायथ्याचा उतार सांभाळतात म्हणून, की आणखी काही? भूशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने इतिहासाच्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन हा प्रश्न हाती धरावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

सरकारी धोरणाचा इतिहास तुलनेने सोपा आहे, कागद मिळतात, म्हणून त्यावर मी थोडक्यात बोलतो. मुंबई–पुणे रस्ता बोरघाटातून १८३० मध्येच गाडीरस्ता म्हणून खुला झाला होता. राजधानी आणि छावणी यांना जोडणे कंपनी सरकारला तातडीचे होते. कोकणात मात्र एकोणिसाव्या शतकभर सरकारचे लक्ष घाटांवर राहिले. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा, गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव मिळालेला आंबेनळी घाट हे त्याचे उदाहरण. त्या काळातही आडवीच वाट सुधारली गेली. मोटारी आल्या तेव्हा चित्र पालटू लागले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरच्या कराचा पैसा रस्त्यांना मिळू लागला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. देशातल्या रस्त्यांच्या आधुनिक अर्थव्यवस्थेची पायाभरणी एका मराठी कायदेपंडिताच्या समितीने केली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांची वर्गवारी ठरवली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते. १९५६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांचा कायदा आला. आपल्या गावापुढच्या रस्त्याला ‘जिल्हा मार्ग’ का म्हणतात, याचे उत्तर त्या नागपूरच्या बैठकीत आहे.

जयकर समितीने काम केले त्याच सुमारास, १९२८ मध्ये, महाडजवळ सावित्रीवर दगडी कमानींचा पूल झाला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, मुसळधार पावसात, नदीला पूर आला असताना तो कोसळला. अंधारात त्याच्यावर आलेल्या दोन एसटी गाड्या आणि काही वाहने नदीत गेली. एक गाडी जयगडहून मुंबईला निघालेली, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. मी ही नावे पहिल्यांदा ऐकली तेव्हा कितीतरी वेळ पुढे काही सुचले नाही. जयगड हे आजीचे बंदर, राजापूर हे खाडीच्या टोकाचे. दोन्ही गावांची माणसे, जी पूर्वी समुद्राने गेली असती, ती या रस्त्याच्या भरवशावर गाडीत बसली होती. शोध कित्येक दिवस चालला. नदीने वाहून नेलेले देह पुढे खाडीत आणि समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. उत्तरेकडे निघालेल्या माणसांना सावित्रीने आपल्या जुन्या वाटेने, पश्चिमेला नेले. नवा पूल पुढच्या पावसाळ्याआधी बांधून झाला. त्या रात्रीनंतर जुन्या पुलांच्या तपासणीचा विषय देशभर निघाला. आणि २०२१ च्या जुलैमधल्या महापुरात चिपळूणचा वाशिष्ठीवरचा जुना पूलही खचला. पुलांचे आयुष्य, पुराची पातळी, वाळूचा उपसा, वरच्या खोऱ्यातली जंगलतोड यांचा अभ्यास हा कोरडा तांत्रिक विषय आहे असे कोणी म्हणाले तर मला राग येतो. तो माणसे घरी पोचण्याचा विषय आहे.

समुद्राची बाजूही दुःखाशिवाय नाही. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसे गेली. त्या दिवशी गटारी अमावास्या होती; गावी जाणाऱ्यांची गर्दी होती. पावसाळ्यात लांब पल्ल्याच्या आगबोटी बंद असत, नारळी पौर्णिमेपर्यंत बंदरे झोपलेली असत. बोटीचा प्रवास आठवणींत फार गोड होऊन बसला आहे आणि रस्त्याने कोकणाचे सौंदर्य नासवले असे म्हणण्याची एक रीत पडली आहे. मला ती पटत नाही. भर पावसात बाळंतिणीला चिपळूणच्या दवाखान्यात नेता येणे, गणपतीला मुंबईहून रातोरात घरी येता येणे, शाळेला तालुक्याच्या गावी जाता येणे, हे रस्त्याने आणि एसटीने दिले. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. कोकणात ती पोचली तेव्हा खाडीकाठच्या घरांचे दार खरोखरच बदलले. पूर्वी पाण्याकडे तोंड करून असलेली घरे रस्त्याकडे ओटी बांधू लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा वाटले, महामार्गाचा भार हलका होईल. तसे झाले नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात वडखळ नाक्यावर उभे राहिलेल्या कोणालाही हे माहीत आहे.

मात्र बंदरे का ओस पडली याचे सगळे खापर रस्त्यावर फोडू नये. बोरघाटातून आगगाडी वर गेली तेव्हाच, १८६० च्या दशकात, घाटावरचा माल मुंबईकडे वळू लागला होता. खाड्या गाळाने भरत होत्या. वाफेच्या बोटींना लागणारे खोल पाणी महाड-चिपळूणपर्यंत नव्हते. रस्ता आला तेव्हा ही गावे आधीच दमलेली होती. रस्त्याने त्यांतल्या काहींना दुसरा जन्म दिला, पण बाजारपेठ जुन्या जागीच राहिली, आणि त्याची किंमत ती अजून मोजतात. राजापूरचा जवाहर चौक दर दोन-चार पावसाळ्यांत पाण्याखाली जातो. बातम्यांत ‘नदीने पात्र सोडले’ असे लिहितात. दुकाने नदीजवळ आहेत कारण एके काळी मालच नदीतून येत होता, हे त्या बातमीत नसते.

चौपदरीकरणाबद्दल वाचकाला माझ्याकडून काही अपेक्षा असेल. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि एक संपूर्ण पिढी त्या खड्ड्यांतून प्रवास करत शाळेतून महाविद्यालयात गेली. कशेडीच्या डोंगरातून सुमारे दोन किलोमीटरचे बोगदे निघाले, त्यांतल्या एकातून २०२३ च्या गणपतीत गाड्या जाऊ लागल्या. परशुराम घाटात मात्र डोंगर उभा कापल्यावर दरडी ढासळत राहिल्या. जांभा आणि त्याखालची चिकण माती तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पावसात कशी वागते, हे कोकणातला कुठलाही चिरेखाणवाला सांगेल. जांभा हवेत कडक होतो, पण त्याच्याखाली पाणी शिरले की अख्खा थर सरकतो. उतार सौम्य ठेवायचा, पाण्याला वाट द्यायची, मोऱ्या मोकळ्या ठेवायच्या, हे जुने शहाणपण होते. ते नव्या यंत्रांसोबत का आले नाही, हा अभ्यासाचा विषय आहे आणि मी तो तरुण अभियंत्यांकडे सोपवतो.

पत्रादेवीला महाराष्ट्र संपतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी या सीमेवर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल इथेच पडले. तिथे स्मारक आहे. १९६१ पर्यंत हा रस्ता एका साम्राज्याच्या दाराशी येऊन थांबत होता, हे लक्षात ठेवले म्हणजे बांद्याच्या बाजारपेठेचे, तिथल्या नात्यागोत्यांचे आणि चोरट्या व्यापाराच्या गोष्टींचे मर्म उलगडते. पुढे मांडवी, झुआरी, काळी, शरावती अशा रुंद मुखांच्या नद्या येतात आणि तिथे महामार्ग समुद्राच्या जवळून जातो. पुलांची लांबी वाढते आणि पुलांचे दुखणेही. मांडवीवरचा नेहरू पूल १९८६ मध्ये पडला, कारवारजवळचा काळी नदीचा जुना पूल २०२४ मध्ये. त्या भागाचा अभ्यास कन्नड, कोंकणी आणि पोर्तुगीज कागदांशिवाय होणार नाही. मराठी अभ्यासकाने तिथे पाहुण्यासारखे जावे आणि ऐकावे.

साधने कुठे मिळतील? रत्नागिरी-सावंतवाडीचा १८८० चा आणि कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा, असे दोन जुने गॅझेटियर खंड आधी वाचावेत. बंदरे, घाट, तरी, जकाती यांची माहिती त्यांत गावागणिक आहे. ते वाचताना लिहिणारा कोण होता आणि त्याला महसूल हवा होता, हे विसरू नये. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागद. वरसईच्या गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ बहुतेकांनी १८५७ साठी वाचलेले असते. पेणजवळच्या या गावातून निघालेला माणूस कुठल्या वाटेने, कोणाच्या सोबतीने, कुठे मुक्काम करत गेला यासाठी ते पुन्हा वाचावे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे मिळाले तर त्यांवर ‘तर’, म्हणजे होडीने पाणी ओलांडायची जागा, कुठे दाखवली आहे ते शोधावे. एसटीची जुनी वेळापत्रके कोणी जपली असतील तर ती सोन्याच्या मोलाची आहेत. वस्तीची गाडी कुठल्या गावापर्यंत जात होती यावरून त्या वर्षी रस्ता कुठे संपत होता ते कळते.

आणि माणसांशी बोलावे, तेही लवकर. खाडीत होडी हाकलेले, पुलाच्या कामावर खडी फोडलेले, रात्रीच्या गाडीवर चालक-वाहक असलेले लोक आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना ‘महामार्गाविषयी सांगा’ असे विचारले तर ते गप्प बसतात. ‘पूल नव्हता तेव्हा पलीकडे लग्नाचे वऱ्हाड कसे नेत?’ असे विचारा. मग तासभर तुम्हाला वही खाली ठेवता येणार नाही.

सुरुवात कुठून करावी ते सांगतो. चौपदरीकरणात जुन्या रस्त्याची वळणे तुटून बाजूला पडली आहेत. नवा रस्ता सरळ गेला. जुने वळण झाडांच्या कमानीत तसेच राहिले, दोन्ही टोकांना मातीचा ढीग. मी संगमेश्वराच्या अलीकडे अशाच एका वळणावर गेलो होतो. डांबराच्या भेगांतून टाकळा उगवला होता. कठड्याच्या दगडांवर चुन्याचे पांढरे पट्टे अजून दिसत होते. एका बाजूला अर्धा गाडलेला मैलाचा दगड होता. मी तो हाताने साफ केला. एका बाजूवर ‘मुंबई’ आणि आकडा वाचता आला. दुसऱ्या बाजूवरचे अक्षर मातीत होते, आणि ते बघायला मला परत खोरे घेऊन जायचे आहे. तुम्ही येणार असाल तर दिवसाच्या ओहोटीची वेळ बघून या, म्हणजे उतरतीच्या वाटेने खाडीपर्यंतही जाता येईल.